‘नाही’ म्हणणारा क्लब

पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला डाल्मेशियन कुत्रा तुम्हाला नक्कीच माहीत असेल. सिनेमात पाहिला असेल, नाहीतर शेजाऱ्यांकडे. पण त्याला ‘डाल्मेशियन’ हे नाव कुठून मिळालं? युरोपच्या नकाशात इटलीचा बूट शोधा. बुटाच्या उजव्या हाताला एक चिंचोळा समुद्र दिसेल, तो एड्रियाटिक. त्याच्या पलीकडच्या किनाऱ्याला डाल्मेशिया म्हणतात. हा किनारा आज क्रोएशिया देशात आहे, आणि त्याच किनाऱ्यावर स्प्लिट नावाचं एक बंदर आहे.

स्प्लिट हे फार जुनं गाव. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी डायोक्लेशियन या रोमन सम्राटानं इथे एक भलामोठा राजवाडा बांधला. सम्राट गेला, साम्राज्यही गेलं, पण राजवाड्याच्या भिंती अजून उभ्या आहेत. गंमत म्हणजे त्या भिंतींच्या आत आजही लोक राहतात! तिथे घरं आहेत, दुकानं आहेत, दोरीवर वाळणारे कपडे आहेत. गावाची वस्ती आहे एक लाख साठ हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या मोठ्या गावाएवढीच म्हणा ना!

या गावात फिरलात तर भिंतीभिंतीवर एक चिन्ह रंगवलेलं दिसेल. निळं वर्तुळ आणि आत लाल-पांढरे चौकोन. हे चिन्ह आहे गावच्या फुटबॉल क्लबचं. क्लबचं नाव ‘हायदुक’. आज त्याचीच गोष्ट वाचू या. गोष्ट फुटबॉलची आहे, पण नुसत्या गोलांची नाही. मोठमोठ्या सत्ताधाऱ्यांना ‘नाही’ म्हणणाऱ्या एका क्लबची ती गोष्ट आहे.

नाव सुचवलं सरांनी

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी क्रोएशिया हा स्वतंत्र देश नव्हता. स्प्लिटवर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बादशहाचं राज्य होतं, आणि दूरचं प्राग शहरही त्याच राज्यात होतं. त्यामुळे स्प्लिटची हुशार मुलं शिकायला प्रागला जात. तिथे स्लाव्हिया आणि स्पार्टा हे दोन तगडे फुटबॉल संघ होते. त्यांचे सामने पाहून स्प्लिटच्या पोरांना वाटलं, आपल्या गावात असा क्लब का नसावा? प्रागमधल्या ‘ऊ फ्लेकू’ नावाच्या शेकडो वर्षं जुन्या पानगृहात बसून त्यांनी ठरवलं, काढायचाच क्लब! फाब्यान कालितेर्ना, लुत्सियान स्तेला, इवान शाकिच आणि व्येकोस्लाव्ह इवानिशेविच ही त्या पोरांची नावं.

क्लब काढायचं ठरलं, पण नाव काय ठेवायचं? कुणी डोंगराचं नाव सुचवलं, कुणी आणखी काही. एकमत होईना. शेवटी पोरं गेली आपल्या जुन्या शिक्षकांकडे, योसिप बाराच सरांकडे. सर म्हणाले, नाव ठेवा ‘हायदुक’.

हायदुक म्हणजे काय? तुर्कांच्या राजवटीत डोंगरात राहून त्यांच्याशी लढणारे बंडखोर म्हणजे हायदुक. सरकारच्या लेखी ते होते दरोडेखोर. लोकांच्या गाण्यांत मात्र ते होते वीर. आता खरं सांगायचं तर सगळेच हायदुक काही साधुसंत नव्हते. त्यांच्यात लुटारूही होते. पण सरांच्या मनात होता तो गाण्यातला हायदुक. शूर, मित्राला जागणारा, दुबळ्यांना सांभाळणारा आणि जुलमापुढे मान न वाकवणारा. ‘हे नाव घेताय तर त्याला शोभेल असं वागा’, असंच जणू सरांनी पोरांना बजावलं.

१३ फेब्रुवारी १९११ हा हायदुकचा वाढदिवस. पहिला सामना झाला त्याच वर्षी ११ जूनला, गावातल्याच काल्चो स्पालातो या संघाशी. स्प्लिटला इटालियन भाषेत ‘स्पालातो’ म्हणतात. त्या काळी गावात दोन तट होते. आपण क्रोएशियन असं मानणारे एका बाजूला, आणि इटलीकडे ओढा असणारे दुसऱ्या बाजूला. म्हणजे सामना नुसता चेंडूचा नव्हता! हायदुकनं तो ९-० असा जिंकला. चिन्हातले लाल-पांढरे चौकोन ही क्रोएशियाची जुनी खूण. ती छातीवर लावणं म्हणजेच ‘आम्ही कोण’ हे बादशहाच्या राज्यात ठणकावून सांगणं होतं. संघाचा सदरा मात्र पांढराशुभ्र. म्हणून गावकरी आजही लाडानं संघाला ‘बिली’, म्हणजे ‘पांढरे’ म्हणतात.

इटलीला नकार

पहिलं महायुद्ध संपलं, बादशाही बुडाली. स्प्लिट युगोस्लाव्हिया या नव्या देशात आलं. हायदुकनं १९२७ आणि १९२९ साली देशाचं विजेतेपद पटकावलं. सगळं छान चाललं होतं.

आणि मग दुसरं महायुद्ध पेटलं. एप्रिल १९४१ मध्ये मुसोलिनीच्या इटलीनं स्प्लिट गिळंकृत केलं. इटालियन अधिकाऱ्यांनी हायदुकपुढे एक प्रस्ताव ठेवला. नाव बदला, ‘एसी स्पालातो’ व्हा आणि इटलीच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळा.

जरा विचार करा हं. इटलीनं तेव्हा लागोपाठ दोन विश्वचषक जिंकलेले होते, १९३४ आणि १९३८. तिथली लीग म्हणजे जगातल्या उत्तम लीगपैकी एक. एखाद्या खेळाडूला आणखी काय हवं? पण हायदुकचं उत्तर एका शब्दाचं होतं. नाही! आमच्या गावावर तुम्ही बंदुकीच्या जोरावर बसलात, आता आमचं नावही पुसायला निघालात? खेळणार नाही. आणि क्लबनं खरोखरच खेळ बंद केला.

१९४३ साली इटलीनं शरणागती पत्करली. गावात जर्मन फौजा आल्या, आणि त्यांच्या आश्रयानं चालणारं झाग्रेबचं सरकार आलं. त्यांच्या स्पर्धेत खेळायलाही हायदुकनं नकारच दिला.

बेटावरचा संघ

मग खेळाडूंनी काय केलं? गप्प बसले? छे! किनाऱ्यापासून दूर समुद्रात विस नावाचं बेट आहे. ते जर्मनांच्या हाती पडलेलं नव्हतं. तिथे टिटो यांच्या गनिमी सैनिकांचा, म्हणजे पार्टिझनांचा तळ होता. खेळाडू शत्रूची नजर चुकवून तिथे पोहोचू लागले. ७ मे १९४४ रोजी, म्हणजे स्प्लिटचे ग्रामदैवत मानले जाणारे संत दुये यांच्या उत्सवाच्याच दिवशी, हायदुक पुन्हा उभा राहिला. आता त्याच्या सदऱ्यावर लाल तारा होता आणि तो लढणाऱ्या सैन्याचा संघ होता.

२३ सप्टेंबर १९४४ रोजी इटलीतल्या बारी शहरात हायदुकचा सामना ब्रिटिश सैन्याच्या संघाशी झाला. इंग्लंडचा नामवंत खेळाडू स्टॅन कलिस ब्रिटिशांचा कर्णधार होता. सुमारे चाळीस हजार प्रेक्षक जमले होते. काय झालं असेल? हायदुक ७-२ असा सपशेल हरला! पण त्या दिवशी गुणफलकाकडे कोण बघतंय? सगळ्या जगाला कळलं होतं, स्प्लिटचा संघ मेलेला नाही.

पुढे हा संघ माल्टा, इजिप्त, पॅलेस्टाइन, लेबनॉन, सीरिया असा फिरला. जिथे जाई तिथे दोस्तराष्ट्रांच्या सैनिकांशी खेळे. लेबनॉनमध्ये फ्रान्सचे नेते जनरल द गॉल यांच्या वतीनं त्यांना ‘स्वतंत्र फ्रान्सचा मानद संघ’ असा किताब मिळाला.

युद्ध संपल्यावर आणखी एक प्रस्ताव आला, आणि तो आपल्याच माणसांकडून! राजधानी बेलग्रेडला या आणि सैन्याचा अधिकृत क्लब व्हा. म्हणजे पैसा, मान, सोयी सगळं पायाशी. हायदुकवाले काय म्हणाले, हे आता तुम्हीच सांगाल. नाही! आम्ही स्प्लिटचे, स्प्लिटलाच जाणार. मग सैन्यानं बेलग्रेडला वेगळा क्लब काढला. त्याचं नाव पार्टिझान. तो क्लबही पुढे मोठा झाला.

शत्रूला ‘नाही’ म्हणायला धैर्य लागतंच. पण मित्राला ‘नाही’ म्हणणं कधी कधी त्याहून कठीण असतं. नाही का?

आरोळीची शिक्षा

१९५० साली ब्राझीलमध्ये विश्वचषक झाला. तिथले प्रेक्षक ढोल वाजवत, गाणी म्हणत, नुसता जल्लोष करत. पोर्तुगीज भाषेत अशा पाठीराख्यांना ‘तोर्सिदा’ म्हणतात. झाग्रेबला कॉलेजात शिकणाऱ्या डाल्मेशियाच्या पोरांनी हे ऐकलं, आणि २८ ऑक्टोबर १९५० रोजी स्वतःचीच एक ‘तोर्सिदा’ काढली. युरोपातली ही सर्वांत जुनी पाठीराखा संघटना मानली जाते.

दुसऱ्याच दिवशी स्प्लिटला हायदुकची गाठ बेलग्रेडच्या रेड स्टार संघाशी होती. पोरांनी शिट्ट्या, घंटा, आरोळ्या यांनी मैदान दणाणून सोडलं. हायदुकनं अगदी शेवटच्या मिनिटांत गोल करून सामना २-१ असा जिंकला. त्या वर्षी तर एकही सामना न हरता हायदुक देशाचा विजेता ठरला!

पण एवढा गोंगाट, तोही राजधानीच्या संघाविरुद्ध? एकपक्षीय राजवटीला हे मुळीच रुचलं नाही. तोर्सिदावर बंदी आली. एका विद्यार्थ्याला तुरुंगात जावं लागलं. हायदुकचा कर्णधार फ्राने मातोशिच याला पक्षातून काढून टाकलं. मातोशिच कोण? मित्रत्वाचे सामने धरून हायदुकसाठी ७०० हून अधिक गोल करणारा वीर! टाळ्या वाजवल्याबद्दल तुरुंग, अशी कल्पना तरी करवते का? तोर्सिदा हे नाव उघडपणे परत यायला १९८० साल उजाडावं लागलं.

त्या काळातले आणखी दोन मोती म्हणजे गोलरक्षक व्लादिमिर बेआरा आणि आघाडीचा बेर्नार्द वूकास. बेआरा हवेत असा झेपावे की लोक त्याला नर्तकच म्हणत. वूकासनं १९५५ साली बेलफास्टला युरोपच्या निवडक संघाकडून ग्रेट ब्रिटनविरुद्ध तीन गोल ठोकले. कपडा विणावा तसा तो चेंडू खेळाडूंच्या गर्दीतून पायांनी ओवत नेई.

शिंपल्यातलं मैदान

हायदुकचा सुवर्णकाळ म्हणजे १९७० ते १९८० हे दशक. या काळात त्यांनी चार वेळा लीग जिंकली, आणि १९७२ ते १९७७ दरम्यान लागोपाठ पाच वेळा देशाचा चषक. १९७९ साली स्प्लिटला भूमध्य समुद्रालगतच्या देशांची क्रीडास्पर्धा भरली. तिच्यासाठी पोल्युद नावाचं नवं स्टेडियम बांधलं. वास्तुरचनाकार बोरिस मागाश यांनी त्याला आकार दिला उघडलेल्या शिंपल्याचा. समुद्रकाठच्या गावाला शोभेल असाच!

याच मैदानावर ४ मे १९८० रोजी हायदुक आणि रेड स्टार यांचा सामना सुरू होता. मध्येच खेळ थांबवून जाहीर करण्यात आलं, राष्ट्राध्यक्ष टिटो वारले. खेळाडू मैदानातच रडू लागले. हजारो प्रेक्षक उभे राहून एका सुरात टिटोंवरचं गाणं म्हणू लागले. स्प्लिटचे आणि बेलग्रेडचे लोक त्या दिवशी एकत्र रडले. आणि तरी अकराच वर्षांनी तो देश तुकडे तुकडे होऊन फुटला. इतिहास असा चक्रावून टाकतो बघा.

८ मे १९९१. देशात तणाव शिगेला पोहोचला होता. काही ठिकाणी रक्तही सांडलं होतं. अशा वेळी बेलग्रेडला युगोस्लाव्ह चषकाचा अंतिम सामना झाला. समोर पुन्हा रेड स्टार! तो संघ तेव्हा इतका जबरदस्त होता की तीनच आठवड्यांनी तो युरोपचा विजेता झाला. पण त्या दिवशी हायदुकच्या आलेन बोक्शिचनं गोल केला आणि सामना १-० असा हायदुकनं जिंकला. खेळ इतका तापला होता की दोन्हीकडच्या एकेका खेळाडूला लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं. चषक स्प्लिटला गेला. पुढच्या महिन्यात क्रोएशियानं स्वातंत्र्य जाहीर केलं. मग युद्ध भडकलं, आणि तो चषक स्प्लिटलाच राहिला. त्याआधी १९९० मध्येच हायदुकनं लाल तारा उतरवून जुने लाल-पांढरे चौकोन पुन्हा छातीवर लावले होते.

त्या दिवशी लाल कार्ड मिळालेला हायदुकचा खेळाडू कोण होता माहीत आहे? इगोर श्तिमाच! आपल्या वर्तमानपत्रांतून त्याचं नाव ‘स्टिमॅक’ असं छापून येई. हो, तोच. २०१९ ते २०२४ या काळात भारताच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचा प्रशिक्षक असलेला! त्याच्या हाताखाली आपल्या संघानं २०२१ आणि २०२३ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धा जिंकली. पुढे विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारताची निराशा झाली आणि त्याला पद सोडावं लागलं, हेही खरं. १९९८ च्या विश्वचषकात क्रोएशियानं तिसरा क्रमांक मिळवून सगळ्यांना तोंडात बोट घालायला लावलं. त्या संघात श्तिमाच, बिलिच, यार्नी, असानोविच असे हायदुकमध्ये घडलेले खेळाडू होते.

प्रेमाची काळी बाजू

आता एक कडू गोळी. हायदुकचे पाठीराखे नेहमीच शहाण्यासारखे वागले असं समजू नका. १९८४ साली युएफा चषकाच्या उपांत्य फेरीत इंग्लंडचा टॉटनहॅम संघ स्प्लिटला आला. टॉटनहॅमचं बोधचिन्ह आहे कोंबडा. एक माणूस खरोखरीचा कोंबडा घेऊन मैदानात घुसला आणि सगळ्यांदेखत त्यानं त्याला मारलं! बिचाऱ्या पक्ष्याचा काय दोष? युरोपच्या फुटबॉल संघटनेनं क्लबला शिक्षा केली. हायदुकनं तो सामना २-१ असा जिंकला, पण इंग्लंडमध्ये ०-१ असा हरला, आणि परक्या मैदानावरच्या गोलाच्या नियमामुळे स्पर्धेबाहेर पडला. नंतरही प्रेक्षकांच्या मारामाऱ्या आणि जळत्या मशाली यांपायी क्लबला अनेकदा दंड भरावा लागला, रिकाम्या मैदानावर खेळावं लागलं.

‘नाही’ म्हणण्याचीही किंमत असते. नोव्हेंबर २०१४ मध्ये झाग्रेबला डिनामो संघाशी सामना होता. डिनामो म्हणजे हायदुकचा कट्टर प्रतिस्पर्धी. हायदुकच्या काही पाठीराख्यांना आत सोडलं नाही. तेव्हा खेळाडूंनी ठरवलं, आमची माणसं बाहेर आणि आम्ही आत? आम्हीही खेळत नाही! संघ तसाच माघारी फिरला. सामना ०-३ असा हरल्याचं जाहीर झालं, वर एक गुणही कापला गेला. स्प्लिटमध्ये मात्र हजारो लोक संघाच्या स्वागताला जमले. खेळाडूंनी बरोबर केलं की चूक? क्रोएशियातही यावर दोन मतं आहेत. घरी आई-बाबांशी वाद घालून बघा!

क्लब कुणाचा?

२००५ साली हायदुकनं क्रोएशियाची लीग जिंकली. त्यानंतर? त्यानंतर २०२५ पर्यंत एकदाही नाही! वीस वर्षं! म्हणजे तेव्हा जन्मलेलं मूल कॉलेजात गेलं तरी त्यानं आपल्या संघाला लीग जिंकताना पाहिलेलं नाही. अधूनमधून देशाचा चषक मिळाला, २०२२ आणि २०२३ मध्ये तर लागोपाठ. पण लीग नाही ती नाहीच.

मग लोकांनी पाठ फिरवली असेल, असं तुम्हाला वाटेल. झालं उलटंच. २००८ साली क्लबची कंपनी झाली. मोठा हिस्सा गावाच्या महापालिकेकडे आहे. पण पाठीराख्यांनी ‘नाश हायदुक’, म्हणजे ‘आपला हायदुक’, अशी संघटना काढली आणि वर्गणी जमवून भाग विकत घेतले. २०११ पासून क्लबवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाची निवड सभासदांच्या मतांनी होऊ लागली. एक सभासद, एक मत. मग तो डॉक्टर असो की मासे पकडणारा कोळी. अलीकडे या सभासदांची संख्या एक लाखावर गेली. गाव एक लाख साठ हजारांचं, हे लक्षात आहे ना? अर्थात सगळे सभासद काही स्प्लिटचे नाहीत. किनाऱ्यावरची खेडी, बेटं, आणि जर्मनी-ऑस्ट्रेलियात पोटापाण्यासाठी गेलेली माणसं, सगळे त्यात आले.

२०२३ साली हायदुकचा कुमार संघ युरोपच्या युवा स्पर्धेत अंतिम फेरीत पोहोचला. तुमच्या मोठ्या दादांच्या वयाची ती मुलं! त्यांचे सामने बघायलाही पोल्युदवर हजारोंची गर्दी उसळली. अंतिम सामन्यात नेदरलँड्सच्या एझेड अल्कमार संघानं त्यांना ५-० असं हरवलं. म्हणजे बारीसारखीच हार, चांगली दणदणीत!

आपण बहुतेक जण जिंकणाऱ्या संघाचे पाठीराखे असतो. टीव्हीवर जो चषक उंचावतो तो आपला. आज एक, उद्या दुसरा. त्यात काही गुन्हा नाही म्हणा. पण स्प्लिटच्या माणसाला विचारा, ‘वीस वर्षं लीग जिंकत नाही, संघ बदलत का नाही?’ तो तुमच्याकडे असा बघेल, की जणू तुम्ही त्याला आईच बदलायला सांगितलंत.

तुमच्या शाळेचा, गल्लीचा, गावाचा संघ आहे ना? कबड्डीचा, खो-खोचा, क्रिकेटचा, कसलाही. पुढच्या वेळी तो हरत असेल तेव्हा मैदान सोडून घरी जाऊ नका. शेवटची शिट्टी होईपर्यंत थांबा. तेव्हाच तर त्याला तुमची गरज असते.

थोडक्यात हायदुक

● स्थापना : १३ फेब्रुवारी १९११
● गाव : स्प्लिट, क्रोएशिया
● मैदान : पोल्युद (१९७९ पासून)
● लीग विजेतेपदं : युगोस्लाव्हियाची ९, क्रोएशियाची ६
● उच्चार : स्पेलिंगमध्ये इंग्रजी ‘जे’ असला तरी क्रोएशियन भाषेत त्याचा उच्चार ‘य’ होतो. म्हणून ‘हाजडुक’ नव्हे, ‘हायदुक’!